मिटलेली छत्री

शर्यत संपली की चाळीस मिनिटांच्या आत एकवीस प्रतिक्रिया पानावर लागल्या पाहिजेत, असा त्या कचेरीचा नियम होता आणि गेली नऊ वर्षं तो चाळणीबाई एकटी सांभाळत होती. चाळणीबाई हे अर्थात कचेरीनं ठेवलेलं नाव. मोटारींच्या शर्यतींना वाहिलेलं ते संकेतस्थळ. शर्यत चालू असताना आणि संपल्यावर हजारो माणसं तिथे येऊन मनातलं ओकून जात. त्यातले खडे काढायचे, निवडक तेवढं वर ठेवायचं, हे बाईचं काम. नव्यानं लागली तेव्हा तिला शर्यतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आता सगळं कळत होतं, पण आवडत मात्र अजूनही नव्हतं. तिला आवडायची ती माणसांची चिडचिड. हरलेला माणूस खोटं बोलायचं विसरतो, असं तिचं मत होतं, आणि त्या मतावर तिनं नऊ वर्षं नोकरी केली होती.

तिचे नियम ठरलेले होते. सगळ्यात जास्त लोकांनी पसंत केलेली प्रतिक्रिया पहिली, मग ती कुणाच्या का विरुद्ध असेना. आईबहिणीवरून काही लिहिलेलं असेल तर ते बाद. शुद्धलेखन सुधारायचं, मत सुधारायचं नाही. शर्यतीतल्या कुठल्याही संघाच्या माणसानं खोट्या नावानं येऊन स्वतःची बाजू मांडली तर ते ताबडतोब काढून टाकायचं. आणि शेवटची, एकविसावी जागा, जे जवळजवळ कुणीच वाचलेलं नाही अशा मजकुराची. हा शेवटचा नियम तिनं स्वतःच्या डोक्यानं घातला होता. संपादकांना तो बावळटपणाचा वाटे, पण चाळीस मिनिटं पाळली जात होती तोवर ते कानाडोळा करत.

त्या दिवशीच्या शर्यतीचा मात्र सुरुवातीपासूनच विचका झाला. दोनला सुटायच्या गाड्या पावसामुळे अडीचला सुटल्या. मग ऊन पडलं, रस्ता वाळला, सगळ्यांनी पावसाचे टायर काढून कोरड्याचे चढवले. शेवटच्या दहा फेऱ्या राहिल्या तेव्हा राजपुत्र पहिला होता. राजपुत्र म्हणजे पिवळ्या संघाचा चालक. देखणा, जरा शिष्ट, लोकांचा लाडका आणि म्हणूनच लोकांच्या शिव्यांचा धनी. मागच्या गाडीत आणि त्याच्यात वीस सेकंदांचं अंतर होतं. तेवढ्यात टेकडीमागे काळं काही दिसायला लागलं, आणि राजपुत्रानं संघाला विचारलं, टायर बदलायला येऊ का.

पिवळ्या संघाचा एक माणूस शर्यतभर लांबच्या वळणावर उभा असे. त्याचं काम एवढंच, की आकाशाकडे बघायचं आणि काय दिसतं ते वायरलेसवर सांगायचं. यंत्रांना मोठा पाऊस दिसतो, पण एका वळणावर पडणारा आणि दुसऱ्यावर न पडणारा पाऊस माणसालाच दिसतो. लोक त्याला ढगवाला म्हणत. ढगवाल्यानं सांगितलं, पाऊस टेकडीपलीकडेच राहील, आपल्याकडे येणार नाही. त्याचा आवाज सगळ्या जगानं ऐकला, कारण संघांचं बोलणं दूरचित्रवाणीवर ऐकवतात.

सात मिनिटांनी आभाळ फाटलं. एकाच वळणावर एकामागोमाग पाच गाड्या वाळूत गेल्या आणि सहावा, भिंतीला घासून चाक गमावलेला, राजपुत्र होता. शर्यत जिंकली कुणी, तर म्हाताऱ्यानं. चाळिशी उलटलेला हा चालक अकरावा चालला होता. पाऊस यायच्या आधीच त्याचं चाक पंक्चर झालं म्हणून तो आत आला, आणि त्याच्या मेकॅनिकांच्या हाताशी त्या घटकेला फक्त पावसाचे टायर होते म्हणून त्यांनी तेच चढवले. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, त्यातली गत. बक्षीस घेतानाही म्हाताऱ्याच्या तोंडावर आपण कुणाचं तरी दुसऱ्याचंच ताट ओढून घेतल्याचा भाव होता.

यात कॅमेऱ्यानं पकडलेलं एक दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. लांबच्या वळणावर पिवळं जाकीट घातलेला ढगवाला उभा आहे. धो धो पाऊस पडतोय. त्याच्या बगलेत छत्री आहे, मिटलेली. एक हात पुढे पसरलेला, तोंड वर, आणि नखशिखांत भिजलेला.

चाळणीबाईनं ते दृश्य चौदा वेळा पाहिलं. कचेरीत कुणाला माहीत नव्हतं, पण तो माणूस तिचा सख्खा मोठा भाऊ होता.

माहीत नव्हतं, कारण तिनं कधी सांगितलं नव्हतं. आपण कुणाच्या बाजूच्या नाही, हा तिचा मोठा अभिमान होता. दादा सहा वर्षांपूर्वी पिवळ्या संघात लागला तेव्हाच तिनं ठरवलं होतं, की त्याचं काम त्याच्यापाशी, माझं माझ्यापाशी. तेव्हा आता प्रतिक्रियांचा लोंढा सुरू झाला तशी ती खुर्ची पुढे ओढून बसली आणि निवडायला लागली, जणू वळणावर भिजत उभा असलेला तो कुणी तिसराच.

लोक रंगात आले होते. एका दाताच्या डॉक्टरानं लिहिलं होतं, शर्यत लावूनच काम करत होतो, पेशंटचं तोंड उघडं होतंच, माझंही उघडं राहिलं. एका बाईनं कळवलं होतं, की नवऱ्याच्या ओरडण्यानं मी दुपारच्या झोपेतून उठले, आता दोघंही जागे आहोत आणि एकमेकांशी बोलत नाही. म्हाताऱ्याच्या एका जुन्या चाहत्याला रडू आवरत नव्हतं. तो प्रत्येक ओळीखाली वय लिहीत होता, एकदा स्वतःचं, एकदा म्हाताऱ्याचं. पण निम्म्याहून जास्त मजकूर ढगवाल्यावर होता. त्याला आंघोळीची हौस होती, त्याला दुसऱ्या संघानं फितवलं होतं, त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, नाहीतर बेडकाला त्याच्या जागी नेमा. सगळ्यात वर एक होती. अर्ध्या तासात अकरा हजार लोकांना आवडलेली.

'छत्री बगलेत, पाऊस डोक्यावर. या माणसाच्या भरवशावर मी दोन टॉवेलसुद्धा वाळत घालणार नाही.'

विनोद चांगला होता. बाईनं 'बगलेत'चं शुद्धलेखन सुधारलं आणि तो पहिल्या जागी लावला. हात थरथरला वगैरे काही नाही. उलट आपला हात थरथरला नाही याचं तिला जरा समाधानच वाटलं.

एकविसाव्या जागेसाठी ती तळाला गेली तेव्हा तिला तो मजकूर दिसला. लिहिणाऱ्यानं नाव दिलं होतं 'एक वाचक'. मजकूर असा होता:

'१) १५३१ ला वारा नैर्ऋत्येकडून होता. १५३८ ला तो पश्चिमेकडून झाला. प्रेक्षकांच्या सज्जावरचे झेंडे पाहावेत. टेकडीच्या आड उभ्या असलेल्या माणसाला हा फरक कळू शकत नाही.

२) निरीक्षकाने छत्री उघडू नये. छत्रीखालून आकाश दिसत नाही, आणि पहिला थेंब हातावर घ्यायचा असतो. छत्री वहीवर धरण्यासाठी असते, डोक्यावर नव्हे.

३) अंदाज चुकला, हे खरे आहे. त्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितले असते.

कळावे.'

तिघांनी पसंत केलं होतं. खाली कुणीतरी विचारलं होतं, काका, शाळा सुटली का?

लिहिणारा कोण, हे बाईला पहिल्या ओळीतच कळलं होतं. दादाचे सगळे निरोप असेच असत. तिच्या वाढदिवसालासुद्धा तो लिहायचा: '१) शुभेच्छा. २) इथे ढगाळ. कळावे.' वेळ लिहिताना चार आकडे, मध्ये टिंब नाही. आख्ख्या दुनियेत असं लिहिणारा तिच्या ओळखीचा दुसरा माणूस नव्हता. बिचारा वळणावरून भिजून आला असेल, अंग पुसायच्या आधी फोन घेऊन बसला असेल आणि 'त्या जागी मी असतो तर' असं लिहिलं असेल. जागेवर स्वतःच असताना. तिला त्याची कीव आली आणि लाजही वाटली, आणि दोन्हीमध्ये लाज थोडी जास्त होती.

शिवाय धोका होता. मागच्या वर्षी लाल संघाच्या एका मेकॅनिकनं असंच खोट्या नावानं स्वतःचं कौतुक लिहिलं होतं. लोकांनी दोन दिवसांत त्याचा माग काढला. महिनाभर त्याची अशी टर उडवली, की शेवटी त्यानं काम सोडलं. चुकलेल्या माणसाला लोक विसरतात, पण स्वतःची वकिली करताना सापडलेल्याला सोडत नाहीत. तेव्हा नियमही होता आणि मायाही होती, आणि दोन्ही एकच सांगत होती. बाईनं मजकूर काढून टाकला. एकविसाव्या जागी तिनं एका आजीबाईंचा मजकूर घातला, ज्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं की गाड्यांना वायपर का नसतात. चार बेचाळीसला पान लागलं.

सहा वाजून वीस मिनिटांनी दादाचा फोन आला. शर्यतीच्या दिवशी तो तिला कधी फोन करत नसे. ती उठून जिन्यात गेली.

त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणजे सपाट. टॉवेलचं वाचलं, म्हणाला, बरं लिहिलंय. संघाच्या मुख्यांनी सात वाजता बोलावलंय. ते काही बोलायच्या आधी आपणच जाकीट परत करावं असं मनात आहे. वीस सेकंदांची आघाडी घालवली, राजपुत्राचं वर्ष घालवलं, आणखी काय ऐकायचं राहिलंय. तिनं समजूत घालायला सुरुवात केली, तसा तो मध्येच म्हणाला,

"ते जाऊ दे. मला एक विचारायचं होतं. तुमच्या पानावर एकानं माझ्याबद्दल लिहिलं होतं. झेंड्यांचं, छत्रीचं. मी ते वाचलं, आणि मुख्यांना दाखवावं म्हणून पुन्हा उघडलं तर नाहीच. कुठं गेलं?"

बाई म्हणाली, "दादा, मी काढलं ते. तुझ्याच भल्यासाठी. असं कुणी लिहितं का स्वतःबद्दल?"

"स्वतःबद्दल?"

"मला काय तुझं लिहिणं ओळखू येत नाही? एक, दोन, तीन. कळावे."

पलीकडे मागे कुठेतरी टायरांची गाडी ढकलल्याचा आवाज येत होता.

"ते मी नाही लिहिलं," दादा म्हणाला. "ते नानांचं आहे."

नाना म्हणजे त्यांचे वडील. चाळीस वर्षं वेधशाळेत निरीक्षक होते. रोज सकाळी पावसाचं माप घ्यायचं, वारा बघायचा, वहीत लिहायचं आणि फोनवर मुख्य कचेरीला आकडे सांगायचे, यात त्यांचा जन्म गेला. मुलानं तीच नोकरी धरावी असं त्यांना वाटलं, आणि मुलानं ती धरलीसुद्धा. तीन वर्षांनी सोडून तो गाड्यांच्या मागे गेला. 'आकाश काय शर्यतीसाठी असतं?' एवढंच नाना तेव्हा बोलले होते, आणि त्यानंतर सहा वर्षं त्याच्याशी काहीच बोलले नव्हते. दोन तासांच्या अंतरावर एकटे राहत. बाईनं गेल्या वर्षी त्यांना मोठ्या पडद्याचा फोन नेऊन दिला, तो ढगांची चित्रं बघण्यापुरता वापरतो म्हणत. शर्यती बघत नाही म्हणत.

बाईला नानांनी उभ्या आयुष्यात चार ओळी लिहिल्या नव्हत्या. ती लग्न करून गेली, मग नोकरीला लागली. दर रविवारी सकाळी फोनवर तुमच्याकडे हवा कशी आहे एवढं विचारायचे आणि ठेवायचे. वेधशाळेच्या वह्या दादानं पाहिल्या होत्या, तिनं नाही. जे तिला दादाचं लिहिणं वाटलं, ते दादानं जिथून उचललं तिथलंच होतं.

आणि मग तिला तिसरा मुद्दा आठवला. त्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितले असते. चाळीस वर्षांत ज्या माणसानं आपलं कधी चुकलं असं कबूल केलं नव्हतं, त्यानं हे लिहिलं होतं, आणि तिनं त्यावर बोट ठेवून ते पुसून टाकलं होतं.

"वाचल्यावर मी फोन बाजूला ठेवला," दादा सांगत होता. "जरा बाहेर जाऊन आलो. म्हटलं, शांतपणे पुन्हा वाचू. आलो तर नव्हतं. मला वाटलं, नानांनीच मागे घेतलं."

तो हे तक्रारीनं म्हणाला नाही. तक्रारीनं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

तिनं त्याला सांगितलं, सात वाजेपर्यंत थांब, जाकीट अंगातून काढू नकोस. आणि ती आत गेली.

काढून टाकलेला मजकूर चोवीस तास एका बाजूला पडून असतो, म्हणून निभावलं. पण तो परत लावायचा तर आता संपादकांची परवानगी लागणार होती. पान लागून दोन तास होत आले होते. संपादक घरी जायला निघाले होते, एक हात कोटात. त्यांनी मजकूर वाचला, लांब आहे म्हणाले, रुक्ष आहे म्हणाले, आणि त्या आजीबाईंच्या वायपरमध्ये काय वाईट आहे असंही विचारलं.

नऊ वर्षांत पहिल्यांदा बाईनं आपल्या घरचं त्या कचेरीत काढलं. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो माझा भाऊ, म्हणाली, आणि ज्यांनी लिहिलंय ते माझे वडील. मी ते चुकून काढलं. म्हणजे चुकून नाही, मुद्दाम काढलं, पण चुकलं.

संपादकांनी दुसरा हात कोटात घालायचा थांबवला. त्यांनी मजकूर पुन्हा वाचला, या वेळी सावकाश. मग पहिल्या जागेवरच्या टॉवेलकडे बोट दाखवून विचारलं, हे तुम्हीच लावलंत? तिनं मान हलवली.

"मग तुम्ही आता हात लावू नका," ते म्हणाले. "सख्ख्या माणसांचं आहे, तुम्ही निवडलंत तर नियमात बसणार नाही. सरका जरा." आणि तिच्या खुर्चीत बसून, दोन बोटांनी शोधत शोधत, त्यांनी आजीबाईंना विसाव्या जागी सरकवलं, दाताच्या डॉक्टराला बाहेर काढलं आणि 'एक वाचक' एकविसाव्या जागी लावला. शुद्धलेखनात सुधारण्यासारखं काही नव्हतं.

सहा चाळीसला तिनं दादाला निरोप पाठवला, पान बघ. मग नानांना फोन लावला.

नानांनी दुसऱ्या घंटीला उचलला. रविवारची वेळ सकाळची असताना संध्याकाळी फोन कसा, असं त्यांनी विचारलं नाही. तुमच्याकडे हवा कशी आहे, असंही विचारलं नाही.

"नाना, तुम्ही आमच्या पानावर लिहिलंत?"

"कोण म्हणतं?"

"दादा म्हणतो."

त्यावर नानांनीच विचारलं, "ते काढून कुणी टाकलं?"

"मी."

"का?"

"मला वाटलं, त्यानंच लिहिलंय."

नाना यावर रागावतील असं तिला वाटलं होतं, आणि रागावले असते तर तिनं ऐकून घेतलं असतं. पण नाना म्हणाले, "त्याचं लिहिणं माझ्यासारखं आहे?"

"अगदी."

"हं," नाना म्हणाले. आणि मग, "त्यानं वाचलं?"

तिनं सगळं सांगितलं. वाचलं, पुन्हा वाचायला गेला तर नव्हतं, आणि त्याला काय वाटलं तेही सांगितलं. आता परत लावलंय, पण त्यानं ते पाहिलंय की नाही माहीत नाही. सात वाजता त्याला बोलावलंय आणि तो जाकीट परत करायचं म्हणतो. नानांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झालं तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं असावं, कारण ते म्हणाले, "सहा एक्कावन्न." आणि मग, "त्याचा नंबर सांग."

सहा वर्षांत तो त्यांच्याकडे नव्हता. बाई नंबर सांगायला लागली. नाना एकेक आकडा तिच्यामागून म्हणत होते, संथ, खणखणीत, मध्ये तेवढीच जागा सोडून. लहानपणी रोज सकाळी पांघरुणातून तिनं हे ऐकलं होतं: वारा, पारा, पाऊस, एकेक आकडा दोनदा, पलीकडच्या माणसाचं चुकू नये म्हणून. सगळे झाल्यावर त्यांनी आख्खा नंबर पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवला.

"बरोबर," ती म्हणाली.

"ठेव आता," नाना म्हणाले, आणि तिच्या आधी त्यांनीच ठेवला.

बाई परत जागेवर येऊन बसली. टॉवेलला आता सतरा हजार झाले होते, एकविसाव्याला नऊ. सहा वाजून पंचावन्न मिनिटांनी तिला राहवेना, म्हणून तिनं दादाला फोन लावून पाहिला. तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होता.